सांगलीतल्या एका सोसायटीचं लॉन काढलं, त्याची सगळी केस

सांगली-मिरज रोडच्या आतल्या बाजूला एक रो हाऊसची सोसायटी आहे, नाव देत नाही, तिथल्या लोकांना नाव नको होतं. मधोमध कॉमन जागा, साधारण ४००० स्क्वेअर फूट, आणि बिल्डरनं पझेशन देतानाच तिथं सगळीकडं लॉन टाकून दिलेलं, मेक्सिकन म्हणून नर्सरीवाले विकतात ते, खाली ट्रॉल्या ओतून लाल माती आणि तिच्या खाली आपली काळी. पहिली दोन-तीन वर्षं छान दिसलं म्हणे. मी गार्डनची कामं करते, मला बोलावलं तेव्हा लॉन मधूनमधून पिवळं पडलेलं, फेब्रुवारीतच बोअर थांबून थांबून पाणी द्यायला लागलेला, आणि कमिटीत दोन गट. एक म्हणत होता टँकर आणून लॉन वाचवा, दुसरा म्हणत होता सगळं उखडून पेव्हर ब्लॉक टाका म्हणजे कायमची कटकट गेली.

ही केस सविस्तर लिहितेय कारण सांगली, मिरज, कुपवाड, तिन्हीकडं हाच प्रश्न घेऊन लोक येतात आणि उत्तर मात्र मोबाईलवर बघितलेल्या फोटोतून काढतात.

आधी पिवळेपणाचं बघू. माळीमामांचं म्हणणं सरळ होतं, पिवळं पडलं की युरिया टाकायचा आणि पाणी वाढवायचं, वर्षानुवर्षं तेच चाललेलं. मी खाली बसून बघितलं तर जिथं स्प्रिंकलरचं पाणी संपतं त्या कडेला मातीवर पांढरी पापडी धरलेली, नखानं खरवडली की पीठ हातात येतं. गवताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. आपल्याकडच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे, जमिनीत लोह असतं पण चुन्यामुळं मुळांना मिळत नाही, त्यावर युरिया टाकून काय होणार. आणि ती पापडी म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी आणि माती दोन्ही तपासून घेतलं, पाण्याची ईसी, म्हणजे क्षारांचं माप, जास्त, मातीचा सामू (पीएच) आठच्या वर. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यात नदीकाठची किती जमीन जास्त पाणी देऊन देऊन क्षारपड झाली हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहितीय, सोसायटीच्या लॉनमध्ये छोट्या प्रमाणात तेच चाललं होतं. रोज थोडं थोडं खारं पाणी शिंपडायचं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, वरून आणखी पाणी.

म्हणजे टँकर आणूनसुद्धा हे लॉन धड राहिलं नसतं. हे मी कमिटीला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मग पाण्याचा हिशोब. हा हिशोब कुणीही घरी करू शकतं, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे मध्ये सांगलीच्या उन्हात हिरवंगार लॉन ठेवायचं तर रोज साधारण ५ मिमी पाणी लागतं. ४००० स्क्वेअर फूट म्हणजे ३७० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेअठराशे लिटर, आणि यात पाईप गळती, स्प्रिंकलरचं वाऱ्यानं उडणारं पाणी धरलेलंच नाही. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी दिवसाला १३५ लिटर धरून करतात, त्या मापानं हे जवळजवळ चौदा माणसांचं पाणी झालं. मार्च ते मे तीन महिन्यांचं धरलं तर एक लाख सत्तर हजार लिटर.

जनरल मीटिंगमध्ये हा आकडा सांगितला तर कुणाला काही वाटलं नाही, लाखाचे आकडे कुणाच्या डोक्यात बसत नाहीत. मग मी मिरजेच्या पाणी एक्स्प्रेसची आठवण दिली. एप्रिल २०१६ ला मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर, मिरजेतल्या लोकांनी ती गाडी डोळ्यांनी बघितलीय. आपल्या ह्या एका लॉनसारखी तीन लॉन एका उन्हाळ्यात तेवढं पाणी पितात. तेव्हा मात्र मीटिंग शांत झाली, आणि एक आजी, ज्यांची बहीण लातूरला दिलेली, त्या म्हणाल्या "मग कशाला ठेवलंय ते, काढा की."

अर्थात लगेच दुसरी बाजू आली. एक काका म्हणाले, "अहो मॅडम, सांगलीला पाण्याची काय कमी, इथं तर पूर येतो." हे सांगलीत कायम ऐकायला मिळतं आणि ते खोटं पण नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेनं काय केलं ते सगळ्यांनी भोगलंय. पण पुराचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये येतं आणि वाहून जातं, बोअर आटतो एप्रिलमध्ये. नदीचं पाणी बघून बोअरचं पाणी मोजता येत नाही, खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांत जेवढं साठतं तेवढंच, आणि आजूबाजूच्या दहा बंगल्यांचे बोअर त्याच भेगांतून ओढतात.

आता लॉनच्या जागी काय, हा खरा वाद. आणि इथं मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एका मेंबरचा मुलगा अमेरिकेत, त्यानं फोटो पाठवले. पांढरी खडी, मधी मोठे दगड, निवडुंग, घायपात, एक थेंब पाण्याची गरज नाही असं खाली लिहिलेलं. फोटो सुंदर होते यात शंका नाही. तिकडं हे काम बरंच जुनं आहे, डेन्व्हरच्या पाणी खात्यानं १९८१ पासून कमी पाण्याच्या बागेची पद्धत लोकांना शिकवायला घेतली, लास व्हेगासकडं तर लॉन काढणाऱ्याला पाणी खातं स्क्वेअर फुटावर पैसे देतं, आणि नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला की रस्त्याकडेला, ऑफिसांपुढं, सोसायट्यांच्या कॉमन जागेत जे लॉन नुसतं शोभेला आहे, ज्यावर कुणी खेळत नाही बसत नाही, त्याला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. त्यांचा हा प्रश्न मला फार आवडतो, की ह्या गवतावर पाय कोण ठेवतं. तो प्रश्न आपण जरूर घ्यावा, पण त्यांचे दगड आणि निवडुंग जसेच्या तसे घेऊ नयेत.

लास व्हेगासला वर्षाला पाऊस पडतो साधारण १०० मिमी. सांगलीला ६०० च्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, वर वळवाचा आणि परतीचा दणका वेगळा. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरते, आत हवा राहत नाही, आणि तीच माती मे मध्ये भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा. म्हणजे आपल्या बागेतल्या झाडाला चार महिने चिखलात उभं राहता आलं पाहिजे आणि आठ महिने कोरड्यात. निवडुंग, कोरफड असल्या गरदार झाडांना कोरडं चालतं पण काळ्या मातीत जुलै-ऑगस्ट निघत नाही, मुळं सडतात. आणि खडीचं तर विचारूच नका, चाळीसच्या आसपास ऊन असताना पांढरी खडी तापते, रात्री नऊपर्यंत भिंतींवर उष्णता टाकत बसते, घरातला एसी जास्त चालतो, दोन वर्षांत खडीत माती बसते आणि त्यात लव्हाळा उगवतो, मग तो खडीतून उपटणं म्हणजे शिक्षाच. प्लॅस्टिकच्या लॉनचं पण कोटेशन एकानं आणलेलं, ते उन्हात पायाला चटके बसण्याइतकं तापतं आणि खाली माती मरून जाते, मी स्पष्ट सांगितलं की ते टाकणार असाल तर काम दुसऱ्याला द्या.

कमी पाण्याची बाग सांगलीत करायची तर पहिली गोष्ट सावली. हे मी ज्याला त्याला सांगते. मातीवर ऊन पडलं नाही तर अर्धं पाणी तिथंच वाचतं, आणि माणसं पण तिथं येऊन बसतात.

म्हणून मी डिझाईन काढायच्या आधी कमिटीला एक काम दिलं, जागेवर कोण कुठं किती वेळ असतं ते नुसतं बघा. निघालं असं की पोरं फक्त हॉलच्या समोरच्या तुकड्यावर खेळतात, म्हातारी माणसं कोपऱ्यातल्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसतात, बायका जानेवारीत हळदीकुंकवाला एकदा सगळ्या जमतात, आणि बाकीच्या लॉनवर वर्षभर फक्त माळीमामा चालतात, मशीन घेऊन. आणि बायकांची एक तक्रार, जी कमिटीच्या कुठल्याच मिनिट्समध्ये नव्हती, एवढी मोठी बाग आणि देवाला वाहायला एक फूल नाही, रोज मंडईतून पुडी आणायची.

मग ठरलं असं. पोरांचा तुकडा, साधारण हजार स्क्वेअर फूट, गवतच ठेवायचं पण हरळी. हरळी आपली इथलीच, क्षार सोसते, पाणी कमी पडलं तर वरून वाळते पण खाली जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला परत फुटते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा खोल पाणी द्यायचं, रोजचं शिंपडणं बंद, आणि मे मध्ये तपकिरी दिसली तर दिसू द्यायची. ह्या शेवटच्या वाक्याला मी मीटिंगमध्ये सगळ्यांचं हो घेतलं, कारण नंतर हीच तक्रार येते. शिवाय गणपतीत दूर्वा अंगणातच.

बाकीच्या जागेत मुरमाची पायवाट, जुन्या कडुलिंबाभोवती दगडी कट्टा, पश्चिमेच्या बाजूला दोन करंज कारण तिकडून दुपारचं ऊन घरांवर येतं, एक आवळा, एक चिकू. करंज, आवळा, चिकू तिन्ही खारवट पाणी बऱ्यापैकी सोसतात. झुडपांत कोरांटी, अडुळसा, निर्गुडी, पारिजातक, थोडी तगर, गवती चहाचे ठोंब. कोरांटीबद्दल मला विशेष सांगायचंय, नर्सरीत ती कुणी मागत नाही म्हणून नर्सरीवाले ठेवत नाहीत, पण पाण्याचा ताण ह्या झाडाला कळतच नाही असं वाटावं इतकं चिवट आहे, आणि पाऊस सरला की थंडीच्या तोंडाला फुलांनी भरतं. आम्ही एका मेंबरच्या गावाकडून, कवठेमहांकाळच्या बाजूनं, परड्यातल्या फांद्या आणून रुजवल्या. कण्हेर मात्र घेतली नाही, तिला पाणी एकदम कमी लागतं, क्षारपण सोसते, पण विषारी आहे आणि इथं लहान पोरं.

काम केलं ते शेतकरी करतो त्याच क्रमानं. मार्चमध्ये लॉनचं पाणी बंद. वाळलं की कुदळीनं वरचा तीन-चार इंचाचा थर मुळांसकट सोलून काढला आणि एका कोपऱ्यात उलटा रचून ठेवला, कुजला की खत. मग जागा खणून एप्रिल-मे चं रान तापू दिलं. तणनाशक मारायला मी नाही म्हणलं, पोरं खेळणार तिथं. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या एका खणण्यात जात नाहीत, वळीव झाला तशा सुयांसारखे कोंब वर आले, तेव्हा माळीमामांनी परत एकदा गाठीसकट खणून काढले. ह्या दुसऱ्या खणण्याला लोक कंटाळतात आणि तिथंच पुढची तीन वर्षं वाया जातात. जूनमध्ये पाऊस धरल्यावर लागवड, लहान रोपं, मोठ्या पिशवीतली दहा फुटी झाडं घेऊन द्या असा आग्रह होता पण लहान रोप मूळ खोल सोडतं आणि दोन वर्षांत मोठ्याला गाठतं.

वर आच्छादन उसाच्या पाचटाचं. सांगलीत राहून आच्छादनासाठी दुकानातून कोकोपीट आणि लाकडी चिप्स आणायच्या हे मला पटत नाही, तोडणीच्या हंगामात रानात पाचट पेटवून देतात, मागितलं तर शेतकरी वाहतुकीच्या खर्चात देतो. ते आधीच आणून झाकून ठेवलेलं. चार-पाच इंच थर, खोडापासून वीतभर लांब. यावर मोठी भीती निघाली, साप-विंचू येतील. भीती रास्त आहे, उडवून लावायची नाही. घरांच्या बाजूला आणि पोरांच्या तुकड्याभोवती पाचट नाहीच, तिथं तीन फुटी मुरमाचा उघडा पट्टा, आणि बाकी ठिकाणी पाचट कुट्टी करून टाकलं म्हणजे खाली पोकळ्या राहत नाहीत. वाळवी लागते, तिच्यासाठी निंबोळी पेंड आणि भिंतींपासून अंतर.

ठिबकाला तासगावच्या एका मेंबरची फार मदत झाली, त्यांची द्राक्षबाग, त्यांना ठिबक म्हणजे रोजचं. त्यांनीच सांगितलं की असल्या पाण्याला फिल्टर पाहिजेच, आणि हंगामात एकदा ॲसिड सोडून लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, धुवायच्या नाहीतर पाणी ठिबकणारे ड्रीपर क्षारांनी बुजतात. अजून एक गोष्ट त्यांच्याकडूनच लोकांना पटली, मी सांगत होते तेव्हा पटत नव्हती, की पहिला हलका पाऊस आला म्हणून ठिबक लगेच बंद करायचं नाही. ठिबकच्या ओलाव्याच्या कडेला क्षार गोळा झालेले असतात, हलक्या पावसानं ते विरघळून सरळ मुळांत येतात, त्या दिवशी ठिबक चालू ठेवलं की ते बाहेर ढकलले जातात. चांगला मोठा पाऊस झाला की मग बंद. कुणीतरी आरओचं वाया जाणारं पाणी बागेला द्यायचं सुचवलं, ते मी नको म्हणलं, त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त, जमीन आधीच खारवलेली. ते फरशी पुसायला वापरा.

हॉलच्या छताचं पाणी बागेत वळवलं. छत हजार स्क्वेअर फुटाचं आहे, वर्षाचे ६०० मिमी धरले आणि थोडं वाया जाणार म्हणून सोडलं तरी चाळीस हजार लिटरच्या वर गोडं पाणी होतं, आधी ते पन्हाळीतून थेट गटारात जायचं. आता ते खडी भरलेल्या चरातून खालच्या कोपऱ्याकडं जातं. ह्या कोपऱ्यात पहिल्या पावसाळ्यात पाणी दोन-दोन दिवस उभं राहिलं आणि एका काकूंनी हौसेनं लावलेली कोरफडीची रांग सडली. तिथं वाळा लावला. वाळ्याला उभं पाणीही चालतं, कोरडंही चालतं, क्षारही चालतात, मुळं सरळ खाली जाऊन काळी माती मोकळी करतात. कोरफड कट्ट्याजवळ उंच कुंडीत गेली, तिथं खुशीत आहे.

पहिलं वर्ष दिसायला चांगलं नव्हतं. सांगायलाच पाहिजे, कारण याच टप्प्यावर लोक मागं फिरतात. पावसाळा संपला तेव्हा वीतभर रोपं आणि भोवती पाचटाचे पट्टे, पाहुणे आले की विचारायचे काम अर्धवट सोडलं का. व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या हिरव्या लॉनचे फोटो फिरले. पहिल्या उन्हाळ्यात रोपांना आठवड्यातून दोनदा ठिबक लागलं, त्यात कपात करायची नसते, कमी पाण्याची झाडं मूळ धरेपर्यंत पाणी मागतातच. तरी टँकर एकही आला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात झुडपांचं पाणी दहा दिवसांवर नेलं, बोअर मे अखेरपर्यंत चालला, अर्थात त्या साली वळीव लवकर झाला हेही खरं, सगळं श्रेय बागेला देणं बरोबर नाही.

माळीमामांचं काय, हा प्रश्न खर्च वाचवायच्या नादात कुणी काढला नव्हता, मी काढला. मशीन फिरवणं, पेट्रोल, युरिया सगळं संपलं म्हणल्यावर त्यांचे तास कमी करू असं एक-दोघं बोलले. मी म्हणलं की कमी निगेची बाग म्हणजे बिननिगेची नाही, काम बदलतं. छाटणी, पाचट भरणं, लॅटरल धुणं, लव्हाळ्यावर लक्ष, आणि हे जाणकार माणसाचं काम आहे, मशीन ढकलण्यापेक्षा जास्त. पगार तसाच ठेवला. मामा आता सकाळी पारिजातकाची फुलं वेचून कट्ट्यावर सुपात ठेवतात, ज्याला पाहिजे तो नेतो. मंडईतल्या पुड्या पूर्ण बंद झाल्या नाहीत, पण निम्म्यावर आल्या असं बायका सांगतात.

जाणकार वाचणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. माती-पाणी तपासल्याशिवाय रोपांची यादी करू नका, साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या लाल मातीत ही यादी बरीच बदलेल आणि जतच्या माळरानात वेगळीच होईल. अंगण पाचशे स्क्वेअर फुटाचं असेल तर एवढी मोठी झाडं घेऊ नका, एक पारिजातक, दोन कोरांटी आणि मुरमाची मोकळी जागा एवढं पुरतं. आणि पेव्हर ब्लॉकच्या मोहात पडू नका, पाणी वाचल्यासारखं वाटतं पण पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं बंद होतं आणि दोन वर्षांनी बोअर खाली गेला म्हणून हेच लोक परत पाणाड्याला बोलावतात.

गेटजवळचा एक पट्टा अजून जुनं मेक्सिकन लॉनच आहे. तीन मेंबरांना तो ठेवायचाच होता, त्यावरून भांडण वाढवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या पट्ट्याच्या पाईपला वेगळा मीटर बसवला आणि रीडिंग घ्यायचं काम त्याच तिघांकडं दिलं. उन्हाळ्याचे आकडे येणाऱ्या जनरल मीटिंगला ठेवतील, त्यावर त्या पट्ट्याचं ठरेल.